फायनल फँटसी : शेवटचा बॉस आपण शिकलेल्या लढाईचीच परीक्षा घेतो का?

धुळ्याचा_गनब्लेड

गेल्या रविवारी रात्री फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेचा आठवा भाग पुन्हा संपवला. पहिल्यांदा संपवला तेव्हा मी धुळ्यात अकरावीला होतो. मामेभावाने वापरलेला प्लेस्टेशन, चार सीडींचा संच आणि दोघांत मिळून एक मेमरी कार्ड. भारनियमनाचं वेळापत्रक आईने फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. ती ते पाण्याची मोटर लावायला बघायची, मी सेव्ह पॉइंट गाठायला. अल्टिमेशिया या शेवटच्या बॉसशी, म्हणजे मुख्य शत्रूशी, लढाई चार टप्प्यांची आहे आणि मधे सेव्ह करता येत नाही. पहिल्या वेळी तिसऱ्या टप्प्यात, ग्रीव्हर या राक्षसाशी एकरूप झालेली ती समोर उभी असताना, ठरलेल्या वेळेच्या आधीच वीज गेली. अंधारात कंट्रोलर हातात धरून बसलो होतो आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या वेळी मी पहाटे चारला उठून बसलो. स्वयंपाकघरातून कुकरची पहिली शिट्टी आली तेव्हा अल्टिमेशिया पडली.

तेव्हा मला ती फक्त अवघड वाटली होती. या वेळी खेळताना दिसलं की ती लढाई नुसती अवघड नाही, तिने प्रश्नपत्रिका नीट अभ्यास करून काढली आहे. त्याच निकषावर मी मालिकेतले बाकीचे शेवट आठवून पाहिले आणि माझी आवडती क्रमवारीच बदलली. म्हणून हा धागा.

आठव्या भागात जादू ही फेकायची वस्तू नाही, अंगावर चढवायची वस्तू आहे. शत्रूकडून ड्रॉ करायची (ओढून घ्यायची), एकेक जादू शंभरापर्यंत साठवायची आणि ताकद, एचपी (जीवनशक्ती), वेग यांना जंक्शन करायची, म्हणजे जोडायची. शंभर टॉर्नेडो ताकदीला जोडले की नायक स्क्वॉलच्या गनब्लेडचा (बंदूक-तलवारीचा) घाव वेगळाच बसतो. त्यातली दहा लढाईत वापरली की ताकद तेवढी उतरते. शिवाय शत्रूंची लेव्हल तुमच्या लेव्हलबरोबर वाढते, त्यामुळे नुसती मारामारी करून फायदा नाही. मी पहिल्यांदा हे न समजता बालांबच्या किनाऱ्यावर तासन् तास लढून लेव्हल वाढवत बसलो होतो आणि पुढचे शत्रू हटत का नाहीत ते कळत नव्हतं.

आता शेवट बघा. तिच्या वाड्यात पाऊल टाकताच तुमच्या आठ गोष्टींना कुलूप लागतं : जादू, वस्तू, ड्रॉ, जीएफ (मदतीला बोलावता येणारे जीव), लिमिट ब्रेक (खास जोरदार मारा), मेलेल्याला उठवणं, इतकंच काय सेव्ह करणंसुद्धा. एकेक राखणदार मारायचा आणि एकेक गोष्ट सोडवून घ्यायची. इथे मला पहिल्यांदाच जाणवलं की ड्रॉशिवाय मी किती लंगडा आहे. मग प्रत्यक्ष लढाईत पार्टीतले तिघं तुम्ही निवडत नाही. स्क्वॉल, रिनोआ, झेल यांनाच वाढवलं असेल आणि समोर सेल्फी, अर्व्हाइन, क्विस्टिस आले, तर तुमचं दुर्लक्ष उघडं पडतं. पडलेल्याला वेळेत उठवलं नाही तर तो काळात वाहून जातो आणि दुसरा येतो. साठवलेली जादू पुसली जाते, म्हणजे ज्या खांबावर सगळं घर उभं केलं तोच खांब हलवला जातो.

आणि शेवटच्या टप्प्यातलं हेल्स जजमेंट! एका झटक्यात सगळ्यांचा एचपी १. पहिल्यांदा बघितलं की वाटतं संपलं. पण आठव्यात एचपी कमी असतानाच लिमिट ब्रेक मिळतो. तिने तुम्हाला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं, आणि त्याच दारात तुमचं सगळ्यात मोठं हत्यार ठेवलेलं आहे. ते ज्याला कळलं तो वर औषध देत बसत नाही, तो रेन्झोकुकेन (स्क्वॉलचा लिमिट ब्रेक) मारतो आणि प्रत्येक घावाला ट्रिगर दाबतो. पहाटे चारला मी घाबरून औषधं देत राहिलो होतो. या वेळी दिली नाहीत.

मिनीगेमचंही (गेममधल्या छोट्या खेळांचंही) तसंच. ट्रिपल ट्रायड खेळायला अगदी साधा : तीन बाय तीनचा पट, प्रत्येकी पाच पत्ते, पत्त्याच्या चार कडांना चार आकडे, मोठा आकडा लहानाला उलटवतो. पण पत्ता लढाईत परत येतो. क्वेझाकोटल या जीएफची कार्ड मॉड क्षमता शिकली की ॲबिस वर्मच्या एका पत्त्याची विंडमिल नावाची एक वस्तू होते आणि एका विंडमिलचे वीस टॉर्नेडो. पाच पत्ते, शंभर टॉर्नेडो. राक्षसालाच पत्ता करून टाकलं तर अनुभवाचे गुण मिळत नाहीत, लेव्हल वाढत नाही, पण जीएफ शिकत राहतात. गावोगावचे नियम निराळे, आणि एका प्रांताचा नियम तुमच्याबरोबर दुसऱ्या प्रांतात जाऊन रुजतो. रँडम नियम चुकून सगळीकडे पसरला की जमवलेला गठ्ठा निरुपयोगी, कारण हातातले पाच पत्ते गेमच निवडतो. पुढे अल्टिमेशिया पार्टीचं हेच करते, हे मला परवा लक्षात आलं. इतकी वर्षं कसं दिसलं नाही!

आता बाकीच्यांविषयी. सातवा (१९९७) माझ्या मनात फार खोल आहे, त्यातलं लॅटिन समूहगान आजही अंगावर काटा आणतं. पण लढाई म्हणून? शेवटचा बॉस सेफिरॉथ याच्या सुपरनोव्हा या माऱ्यात धूमकेतू येतो, ग्रह फुटतात, सूर्य फुगतो, जवळजवळ दोन मिनिटं जातात, आणि तो मारा तुमच्या शिल्लक एचपीचा हिस्साच घेतो. त्याने कुणी मरूच शकत नाही. उलट सोनेरी चोकोबो (स्वारीचा मोठा पक्षी) पैदा करून नाइट्स ऑफ द राउंड हा जबरदस्त मारा मिळवला असेल तर सेफिरॉथ उभाच राहत नाही. म्हणजे मिनीगेमने शेवट गिळला. मटेरिया (जादूचे मणी) जोडण्याचं इतकं सुंदर कोडं त्या गेमने शिकवलं आणि शेवटी त्यातलं काहीच विचारलं नाही.

सहावा मी उशिरा, पिक्सेल रीमास्टरमध्ये खेळलो. केफ्का या शेवटच्या बॉससाठी आधीच सगळ्या पात्रांची रांग लावायची, पडलेल्याच्या जागी रांगेतला पुढचा येतो. १९९४ मध्येच हे सुचलं होतं. मान आहे.

नववा आणि दहावा यांच्याबद्दल मात्र मला त्रास होतो. दोन्ही गेम म्हणून मोठे. पण नववा खलनायक कुजाला हरवल्यावर नेक्रॉन नावाचं कुणीतरी समोर उभं करतो, ज्याचा आधी उल्लेखही नाही, आणि त्याचा ग्रँड क्रॉस कुणाला कुठला आजार देईल हे नशिबावर. दहाव्यात शेवटी यू येव्हनशी लढताना तुमच्यावर कायमचा ऑटो-लाइफ (मेलात की आपोआप उठवणारी जादू) असतो. हरताच येत नाही. चाळीस-पन्नास तास खेळणाऱ्याला हे का द्यावं?

सोळावा (२०२३) एकट्या क्लाइव्हच्या हातात आहे, मिनीगेमही जवळजवळ नाहीत, त्यामुळे तो या तुलनेत धरत नाही. तेरावा मी पाचव्या प्रकरणात सोडला होता.

प्रश्न असा : शेवटच्या बॉसकडून परीक्षेची अपेक्षा धरणं बरोबर आहे का? आणि तुमच्या मते कुठल्या भागाने ती सगळ्यात नीट घेतली?


चोकोबो_पालक

धुळेकर, आठव्याबद्दलचं पटलं. हेल्स जजमेंटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, मीही औषधंच देत बसलो होतो. पण नवव्यावर तुम्ही अन्याय करताय.

मी नववा सध्या मोबाइलवर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर खेळतो. तिला लढाया आवडत नाहीत, आणि खरं आहे, नवव्याच्या लढाया संथ आहेत. चारही जण आपापली पाळीची पट्टी भरून रांगेत उभे आणि समोर कुणाचं तरी लांबलचक नाटक चाललेलं. विषबाधा झाली असेल तर त्या नाटकादरम्यानही एचपी गळत राहतो. पण तिला चोकोबो हॉट अँड कोल्ड आवडतो. ६० गिल द्यायचे, मिनिटभर चोकोबोने चोच मारत जमीन उकरायची, वस्तू जवळ आली की त्याचं ओरडणं बदलतं. माझी मुलगी डोळे मिटून फक्त आवाज ऐकते आणि सांगते, "बाबा, मागे, मागे, आता इथे." तिचं बरोबर येतं. माझं येत नाही.

तुम्ही म्हणालात की मिनीगेम लढाईत परत यायला हवा. इथे उकरून नकाशे मिळतात, नकाशांवरून पेट्या मिळतात, चोकोबोचा रंग बदलत जातो, तो डोंगर चढतो, समुद्र ओलांडतो, उडतो. आणि उडायला लागला की शेवटी हवेतल्या बागेत ओझ्मा हा लपलेला बॉस भेटतो. ओझ्मा हीच नवव्याची खरी परीक्षा. जगात विखुरलेल्या मैत्रीपूर्ण राक्षसांना हवं ते रत्न दिलं नसेल तर जवळून मारणाऱ्यांचा घाव त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुम्ही जगाशी कसे वागलात ते तिथे तपासलं जातं. नेक्रॉन त्यापुढे काहीच नाही, हे कबूल. टेट्रा मास्टर या पत्त्यांच्या खेळालाही मी पाठीशी घालणार नाही. शंभर पत्ते जमवा, लढाईला एका पैचा उपयोग नाही, आणि पत्त्यांच्या झुंजीत काय ठरतं ते गेम धड सांगतही नाही.

पण नेक्रॉन अचानक येतो म्हणून तो चुकीचा, हे मला मान्य नाही. कुजाला कळतं की आपलं आयुष्य मोजून दिलेलं आहे, आणि तो म्हणतो की मग कुणीच जगायला नको. त्याच क्षणी मरणच समोर येऊन उभं राहतं. ज्या गेममध्ये व्हिवी हा छोटा जादूगार पहिल्यांदा काळ्या जादूगारांच्या गावात जातो आणि त्यांच्यातले काही एक दिवस "थांबतात" हे ऐकतो, त्या गेमच्या शेवटी दुसरं कोण उभं राहणार? ते गाव खेळून झालं त्या रात्री मुलीने मला विचारलं की थांबणं म्हणजे काय. मला सांगावं लागलं. नेक्रॉनपर्यंत अजून पोचलो नाही, पण तो अनोळखी वाटणार नाही तिला.


लुलूचं_बाहुलं

दहाव्याची बाजू मी घेते.

आधी तुमच्याच निकषावर. दहाव्याची लढाई मालिकेतली सगळ्यात स्वच्छ आहे. पट्टी भरायची वाट बघणं नाही, कुणाची पाळी कधी ते बाजूला दिसतं, आणि लढाई चालू असताना सातांतला कुणीही आत-बाहेर करता येतो. उडणाऱ्याला वाक्का, चिलखतवाल्याला ऑरॉन, जेलीसारख्याला लुलू. माझा भाऊ नुसता टिडसला पुढे रेटायचा, मी शेजारी बसून "आता वाक्काला आण" म्हणत राहायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात मला ओरडावं लागायचं. शेवटी त्याने कंट्रोलरच माझ्याकडे दिला.

ब्लिट्झबॉल हा पाण्यातला चेंडूचा मिनीगेमही लढाईत परत येतो. वाक्काचा ज्युपिटर सिगिल (त्याचं शस्त्र वाढवणारी वस्तू) आणि अटॅक रील्स (त्याचा खास मारा) तिथूनच मिळतात, आणि अटॅक रील्स नीट जमले तर बारा घाव. वीज चुकवायचा खेळ मात्र क्रूर आहे, हे मीही म्हणते. थंडर प्लेन्समध्ये सलग २०० विजा चुकवायच्या, मग लुलूचा व्हीनस सिगिल. मी १६३ पर्यंत पोचले आणि दारावरची बेल वाजली. ज्या पात्रासाठी हे केलं तिच्यावर माझं प्रेम आहे म्हणूनच पुन्हा बसले. किमाहरीसाठी फुलपाखरं पकडायला मी बसले नसते.

आता शेवट. परीक्षा ब्रास्काच्या फायनल एऑनशी आहे (एऑन म्हणजे बोलावून लढवता येणारा जीव). दोन बाजूंचे पॅगोडा त्याला बरं करत राहतात, तुम्ही पाडता, ते परत उठतात, दुसऱ्या टप्प्यात तो छातीतून तलवार उपसतो. आणि तिथे टिडसला एक जास्तीची आज्ञा मिळते : बोल. समोर जो आहे तो त्याचा बाप आहे. बोललं की त्याची ओव्हरड्राइव्हची (खास माऱ्याची) पट्टी खाली येते. दोनदाच चालतं, तिसऱ्यांदा उपयोग नाही. मी हे खेळले तेव्हा माझे बाबा दवाखान्यात होते. ती आज्ञा मी दोन्ही वेळा वापरली, गरज नसतानाही.

मग यू येव्हन. तुम्ही म्हणता हरता येत नाही. हो, हरायचं नाहीच तिथे. तिथे तुम्हाला तुमचे एऑन एकेक करून बोलवायचे आणि मारायचे आहेत. आठवा, एऑन मिळाला की गेम त्याला नाव ठेवू देतो. व्हॅलेफोरला मी "चिमी" नाव दिलं होतं. पूर्ण यात्राभर पार्टी अडचणीत आली की मी चिमीला पुढे करायचे, तिने घाव झेलायचे, बाकीचे वाचायचे. हीच सवय त्या गेमने लावली. शेवटी तो विचारतो, ज्यांच्या आडोशाने इथवर आलीस त्यांना सोडू शकतेस का? तेव्हा ऑटो-लाइफ असल्याने मेलात-जगलात याची काळजीच राहत नाही, आणि फक्त तेच करणं उरतं. मी चिमीला सगळ्यात शेवटी बोलावलं. बराच वेळ आज्ञाच दिली नाही.


धुळ्याचा_गनब्लेड

लुलूचं_बाहुलं, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. नाव ठेवण्याचा आणि ढाल करण्याचा संबंध मी कधीच लावला नव्हता. मी एऑन फार कमी वापरले, त्यामुळे मला त्या पाच लढाया नुसता उशीर वाटल्या. चूक माझ्या खेळण्यात होती. तरी एक म्हणेन : ज्याने माझ्यासारखे एऑन वापरलेच नाहीत, त्याच्यापर्यंत हा शेवट पोचत नाही. अल्टिमेशिया सगळ्यांपर्यंत पोचते, ज्याने जंक्शन दुर्लक्षिलं त्याच्यापर्यंत तर जास्तच.

चोकोबो_पालक, ओझ्मा मान्य. पण तो वाटेवर नाही. तिथे न जाता गेम संपवणारेच जास्त असणार, मी स्वतः त्यातला. मुलीला नेक्रॉन कसा वाटला ते मात्र नक्की कळवा.


गॅम्बिट_लावा

कुणीच बाराव्या-तेराव्याचं नाव घेत नाही म्हणून लिहितोय.

बाराव्यात (२००६) परीक्षा लढाईच्या आधी होते. "मित्राचा एचपी अर्ध्याखाली गेला तर बरं कर", "उडणारा दिसला तर बाण" असे गॅम्बिट ओळीने लावायचे, आणि ओळींचा क्रम चुकला तर पार्टी मूर्खासारखी वागते. व्हेनशी शेवटची लढाई मी जवळजवळ हात न लावता जिंकलो. लोक याला दोष मानतात, मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. शंभर तास मी त्यांना हेच तर शिकवत होतो. याझ्मॅट या ऐच्छिक बॉसचे ५ कोटींहून जास्त एचपी आहेत, मधे बाहेर पडून सेव्ह करून परत यायचं. मला दोन संध्याकाळी लागल्या.

पण धुळेकर, तुमच्या निकषावर पहिला नंबर तेराव्याचा (२००९) आहे आणि तुम्ही तोच अर्धा टाकलात. त्यात मिनीगेम जवळजवळ नाहीत आणि पहिली दहा प्रकरणं सरळ गल्ली आहे, हे खरं. अकराव्या प्रकरणात, ग्रॅन पल्सला मैदान उघडतं. पाचव्यापर्यंत तर पॅराडाइम (पार्टीतल्या भूमिकांची मांडणी) बदलायची गरजही फारशी पडत नाही. पण पाहा : क्रिस्टेरियमची (पात्रांची ताकद वाढवण्याच्या शिडीची) शेवटची पायरी गेम संपल्यावरच उघडते. म्हणजे कुणी कितीही वेळ मारामारी करत बसला तरी ऑर्फन या शेवटच्या बॉसपुढे एका मर्यादेच्या वर जाऊन उभा राहू शकत नाही. सातव्यातला नाइट्स ऑफ द राउंडचा प्रश्नच मिटला. पुढारी पडला की खेळ संपला, आणि ऑर्फनचा एक मारा थेट पुढाऱ्यावरच येतो. दुसऱ्या रूपात तर स्टॅगर केल्याशिवाय (माऱ्यांची साखळी चढवून डळमळवल्याशिवाय) त्याला इजाच होत नाही. रॅव्हेजरने साखळी चढवायची, कमांडोने ती घसरू द्यायची नाही, मोठा मारा येताना सेंटिनेल (बचाव करणारा) पुढे आणायचा. पन्नास तास जे बोटांना शिकवलं तेच आणि तेवढंच विचारलं जातं. मी सहा वेळा हरलो. सहाही वेळा कुठे चुकलं ते मला ठाऊक होतं.


लुलूचं_बाहुलं

गॅम्बिट_लावा, क्रिस्टेरियमच्या पायरीचं माहीत नव्हतं. खरंच विचार करून केलंय.

एक जोडते. सातव्याच्या नव्या रूपात, २०२४ च्या रीबर्थमध्ये, क्वीन्स ब्लड नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. तीन ओळी, पाच घरं, पत्ता ठेवला की आजूबाजूची घरं आपली होतात. मी मुख्य कथा सोडून आठवडाभर तोच खेळले. ट्रिपल ट्रायडनंतर इतका पक्का पत्त्यांचा खेळ या मालिकेत मला दुसरा सापडला नाही. पण बाकीचे मिनीगेम इतके आहेत की कथा ऐन भरात असताना कुणीतरी तुम्हाला मशरूम उपटायला किंवा खोके फेकायला पाठवतं, आणि माझा जीव कथेत अडकलेला असतो.


धुळ्याचा_गनब्लेड

गॅम्बिट_लावा, तुमचा प्रतिसाद वाचून परवा तेरावा पुन्हा लावला. जुना सेव्ह घेतला नाही, पहिल्यापासून. पाचवं प्रकरण काल रात्री ओलांडलं. होप आणि लाइटनिंग दोघंच असताना एका मोठ्या जनावरापुढे तीनदा हरलो, चौथ्यांदा मेडिकवरून रॅव्हेजरवर परत यायला मी उशीर करतोय ते कळलं आणि पट्टी भरली. तो स्टॅगरचा आवाज! शेजारच्या खोलीतून बायकोने विचारलं, काय झालं.

ऑर्फनपर्यंत पोचलो की इथेच लिहीन. तोवर कुणी मला एवढं सांगा : मी अजूनही ऑटो-बॅटलवर (आज्ञा आपोआप निवडणाऱ्या सोयीवर) विसंबून आज्ञा देतोय. ऑर्फनपुढे तेवढ्याने भागेल, की आत्तापासून स्वतः निवडायची सवय लावू?


गॅम्बिट_लावा

आज्ञा ऑटोवर राहू द्या, डोळे साखळीच्या पट्टीवर ठेवा. स्वतः करायची सवय पॅराडाइम बदलण्याची. आणि सहाच्या सहा पॅराडाइम आत्ताच भरून ठेवा, त्यातला एक दोन सेंटिनेलांचा.